शिसपेनीच्या फुलीची बखर

आरंभी वनदेवतेस नमन, मग दलदलीस नमन, मग दलदलीतील डासांस लांबूनच नमन. फिनलंड देशीच्या कुर्कीवारा कसब्यातील मंडळी वारंवार पुसू लागली की, गत ऑगस्टात संग्रहालयाच्या काचपेटीवरून जो प्रसंग गुदरला त्याचा खरा करीना काय? त्याजवरून सेवकाने जे डोळ्यांनी पाहिले, जे कानांनी ऐकिले आणि जे सहकारी दुकानाच्या रांगेत कोणी काही न बोलताच कळले, ते सर्व यथास्थित लिहिले आहे. पदरचे काही घातले असेल तर शोभेपुरते घातले, खरे बिघडेल इतके घातले नाही. एक गोष्ट मात्र लिहिली नाही व लिहिणारही नाही. ती दलदल नेमकी कोठे, हे या बखरीत आढळावयाचे नाही, कारण सेवकासही याच गावात राहावयाचे आहे.

ते समयी कसब्यात मेर्वीबाई तोलोनेन म्हणून एक मातब्बर स्त्री होती. वय वर्षे त्रेचाळीस. सोमवार, बुधवार, शुक्रवार गावच्या संग्रहालयाचा सारा कारभार तिजकडे, मंगळवार व गुरुवार शाळेत सातवी 'ब' वर्गास इतिहास व भूगोल शिकविणे तिजकडे, गुरुवारी सायंकाळी गायनमंडळात खालच्या पट्टीचा सूर धरणे तिजकडे, आणि शनिवारी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापविण्याची नामजादगी तिचे पती यारक्कोराव यांजकडे होती. यारक्कोराव उष्णतापंप दुरुस्त करीत, स्वभावे शांत, एका कॉफीवर दोन तास बसून राहणारे. बाईंच्या मातुश्री ऐलाबाई, वय चौऱ्याहत्तर. त्यांच्या खुब्यात गेल्या वसंतात डॉक्टरांनी नवा सांधा बसविला होता, आणि जिभेला हाड तर पहिल्यापासूनच नव्हते.

आता हिल्लेचा मजकूर. हिल्ला म्हणजे दलदलीत उगवणारे फळ. एका देठास एकच येते, कच्चे असता लाल व टणक, पिकले म्हणजे पिवळे व मऊ, आणि पिकल्यावर आठवडाभरही थांबत नाही. भाजल्या चीजवर ती हिल्ला घालून खाल्ली की फिनलंडचा मनुष्य दोन वाक्ये सलग बोलतो, ऐसा तिचा प्रताप. रानातील फळ ज्याचे हाती लागेल त्याचे, ऐसा या मुलखाचा कायदा असल्याकारणे कुंपण घालता येत नाही, पहारा बसविता येत नाही, फिर्यादही चालत नाही. किल्ला काय तो एकच, गुपित. लोक शेजाऱ्यास घराची किल्ली देतील, मरणापूर्वी पाद्रीबाबास सर्व पातके सांगतील, परंतु हिल्लेची जागा सांगणार नाहीत. ऐलाबाईंच्या घराण्यात चार पिढ्यांची एक दलदल चालत आली होती, आणि तिजविषयी दोन वचने होती. कागदावर नाही आणि जावयाला नाही. मेर्वीबाईही ती वाट पायांनीच शिकल्या होत्या. मातुश्री गाडी हाकीत, वाटेत उगाच तीन चुकीची वळणे घेत, आणि यारक्कोरावांस हमरस्त्यावरील पेट्रोल पंपावर उतरवून ठेवीत. पंधरा वर्षे हा शिरस्ता चालला.

सोमवारी काय जाहले की, "कागदोपत्री कुर्कीवारा" या नावाचे प्रदर्शन मांडून सज्ज होते आणि दाराजवळची एक काचपेटी रिकामी राहिली, कारण तीत ठेवावयाच्या जुन्या चर्चवहीस कीड लागून ती शहरात उपचारास गेली होती. रिकामी काचपेटी संग्रहालयवाल्यास कैसी दिसते ते संग्रहालयवाल्यासच ठाऊक. बाईंस आठवण जाहली की एप्रिलमध्ये मातुश्री इस्पितळात असता त्यांचे घरी टेबलावरील चादर शोधताना खणाच्या तळाशी कापडावर चिकटविलेला जुना वननकाशा सापडला होता, तो आपण न पुसता उचलून आणिला, मागाहून सांगू म्हटले आणि सांगावयाचे राहिले. मग त्यांनी तो काढिला, रीतसर नोंदवहीत चढविला, पेटीत पसरला आणि त्यावर शिसपेनीची एक लहानशी फुली पाहून चिठ्ठी लिहिली की, "ही फुली बहुधा जुन्या डांबरभट्टीची." पूर्वी या प्रांती लोक पाइनची मुळे जाळून डांबर काढीत, त्या भट्ट्यांवर बाईंनी विद्यापीठात शंभर पाने लिहिली होती, तेव्हा त्यांस जेथे तेथे भट्टीच दिसे. "बहुधा" या शब्दाने आजवर जितकी राज्ये बुडविली तितकी तोफांनी बुडविली नसतील.

मंगळवारी खासा स्वारी सातवी 'ब' चे बावीस विद्यार्थी घेऊन संग्रहालयी दाखल जाहली, आणि बाईंनी प्रत्येकास प्रश्नपत्रिका वाटिली. पाच प्रश्न निरुपद्रवी होते. सहावा प्रश्न ऐसा की, "पेटी क्रमांक एकमधील नकाशावरची फुली कशाची असावी? घरच्या वडीलधाऱ्या मंडळींना विचारून कारणासह लिहा." पुस्तकी ज्ञानास घरच्या आठवणींची जोड द्यावी, ऐसा त्यांचा शिक्षणाविषयी थोर विचार होता. मुलांनी नकाशाचे फोटो काढिले आणि बाई कौतुकाने पाहात राहिल्या. येणेप्रमाणे किल्लेदाराने किल्ल्याच्या किल्ल्या आपल्या हातांनी बावीस जासुदांस वाटून घरोघर रवाना केल्या, वर गुणही ठेविले.

बुधवारी चमत्कार जाहला. संग्रहालयास दररोज चार माणसे येत, त्यांपैकी दोन शौचालयास येत. ते दिवशी दार उघडण्यापूर्वीच रांग लागली, आणि दोन प्रहरपर्यंत एक्केचाळीस असामी मोजिली. सर्वांचे पायी गमबूट होते. चरखा पाहिला नाही, जुनी स्की पाहिली नाहीत, थेट पेटी क्रमांक एकपाशी येऊन चष्मे काढून, पुसून, पुन्हा लावून उभे राहिले. बाईंचा ऊर भरून आला. एका वृद्धेने म्हटले, "छान आहे हो नकाशा."

"आहे ना? बघा ना, मागे तागाचं कापड लावलंय. त्या काळी रानात वापरायचा म्हणून," बाई म्हणाल्या.

"कापड तर छानच. उत्तर कुठल्या अंगाला म्हणालात?"

बाईंनी उत्तर दाखविली. कोणी प्रमाण विचारिले, तेही सांगितले. कोणी म्हणाले की हा ओढा अद्याप वाहतो काय, तर त्यांनी धावत जाऊन नवा नकाशा आणिला आणि जुन्याशेजारी भिंतीस लाविला, जेणेकरून ताडून पाहता यावे. लोक सद्गदित जाहले. एकाने तर अभिप्रायवहीत लिहिले, "फार उपयुक्त."

संग्रहालय मंडळाचे अध्यक्ष रैमोजी पुल्किनेन, निवृत्त वनाधिकारी, हिल्ला वेचण्यात ज्यांचे नाव तीन तालुक्यांत दबक्या आवाजात घेतले जाई, ते त्या दिवशी दोन वेळा आले आणि दुसऱ्या वेळी भिंग घेऊन आले. बाईंनी त्यांस सांगितले की, "रैमो, बघा, लोकांना इतिहासाची भूक आहे!" त्यावर रैमोजींनी भिंगातून डोळा न काढता उत्तर दिले की, "भूक आहे खरी."

गुरुवारी शाळेत मेर्वीबाईंनी उत्तरपत्रिका गोळा केल्या आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत कॉफी घेऊन तपासावयास बसल्या. बावीसांपैकी तिघांनी भट्टी लिहिले होते, ते चिठ्ठीवरून उतरविलेले. एकीने लिहिले होते, "बाई, दलदलीत भट्टी कोण लावतं? भट्टीला कोरडा उतार लागतो. ही हिल्लेची जागा. आजोबा बघून येतो म्हणालेत." दुसऱ्याने, "हिल्ला. कारण बाबांनी लगेच बूट काढले." तिसऱ्याने, "घरी विचारलं. गप्प बस म्हणाले. कृपया गुण द्यावेत." ऐसे एकामागून एक एकोणीस. बाईंनी कॉफी खाली ठेविली. मग त्यांनी मोबाइलवरील नकाशाच्या फोटोवर बोट ठेविले आणि हमरस्त्यापासून मनातल्या मनात चालू लागल्या. पेट्रोल पंप. पहिले खोटे वळण, दुसरे, तिसरे. ओढा. फुटका धोंडा. दुभंगलेला पाइन. बोट जेथे थांबले तेथे फुली होती.

भूगोलाच्या शिक्षिकेस आपल्याच आजोळची दलदल नकाशावर ओळखू आली नाही, याविषयी नंतर गावात बहुत हसे जाहले. परंतु त्या क्षणी बाईंस हसू आले नाही. चार पिढ्यांनी राखिलेली जागा आपण चार दिवसांत भिंतीवर टांगली, आणि तेही आईच्या खणातून न पुसता आणलेल्या कागदाने, हे मनात येऊन त्यांनी उत्तरपत्रिका पिशवीत कोंबिल्या.

घरी येऊन त्यांनी यारक्कोरावांस स्वयंपाकघरात नेऊन दार लाविले, आणि दोघांत मसलत जाहली. सर्व हकीगत ऐकून रावसाहेबांनी फ्रीजमधून चीज काढून टेबलावर ठेविले.

"पंधरा वर्षं," ते म्हणाले, "पंधरा वर्षं मी पेट्रोल पंपावर बसलोय, मेर्वी. पंपवाला मला वाढदिवसाला केक देतो. आणि जागा आता सातवी 'ब' ला ठाऊक!"

"ओरडू नकोस. आधीच माझा जीव जातोय."

"सासूबाईंना कळलं?"

"अजून नाही. शनिवारी पिकेल म्हणून सकाळीच फोन होता. नवीन खुब्याने पहिल्यांदाच जायचंय म्हणून काठीला लाल फीत बांधलीये तिने. लाल फीत! आणि तिथं अख्खं गाव बसलेलं असेल. मी तिला काय तोंड दाखवू?"

रावसाहेबांनी तिजपुढे चीजचा तुकडा सरकविला. या घरात सांत्वन याच रीतीने होत असे.

सायंकाळी गायनमंडळाची तालीम होती. तेथे दुसरा पुरावा उभा राहिला. वरच्या पट्टीच्या सर्व बायका मान खाजवीत होत्या, खालच्या पट्टीच्या मनगटे खाजवीत होत्या, आणि पुरुषांच्या रांगेत रैमोजींचा डावा डोळा डास चावून सुजून बंद जाहला होता. कसब्यात त्या आठवड्यात डास नव्हते. मंडळी कोठे जाऊन आली हे सूर्यप्रकाशाइतके स्पष्ट होते, आणि कोणी कोणास एक अक्षर विचारिले नाही. सर्वांनी शांततेविषयीचे भजन चार आवाजांत, मधून मधून खाजवीत, गायिले. त्यांच्या चेहऱ्यांवरून बाईंनी ताडले की हिल्ला अद्याप लाल आहे. कच्ची हिल्ला तोडणे म्हणजे या मुलखात चोरीहून नीच कर्म, म्हणून एवढी फौज दोन दिवस दम धरून बसली होती. शनिवार सकाळ हा सर्वांचाच मुहूर्त होता.

शुक्रवारी मेर्वीबाई पहाटेच संग्रहालयात गेल्या, काचपेटीची किल्ली हाती घेतली, आणि तेथेच थांबल्या. नोंदवहीत चढलेली वस्तू अध्यक्षांच्या लेखी हुकुमाखेरीज प्रदर्शनातून काढावयाची नाही, ऐसा नियम होता, आणि तो नियम बाईंनीच लिहिला होता. त्या अध्यक्षांकडे गेल्या. रैमोजी अंगणात तीन बादल्या धूत होते.

"काढायला माझी हरकत नाही," ते एका डोळ्याने पाहात म्हणाले. "फक्त अर्जात कारण लिहायचं. का काढायचा नकाशा?"

"तो... नाजूक आहे."

"परवा तर तागाचं कापड, मजबूत, म्हणत होतीस."

"उजेडाने खराब होतोय."

"मग सोमवारी मंडळाची सभा बोलावू. सोमवारी निवांत ठरवू. शनिवार रविवार काय होतंय नकाशाला?"

येथे बाईंची दोन्हींकडून कोंडी जाहली. खरे कारण लिहावे तर लेखी कबुली होते की ही दलदल आमची, न लिहावे तर नकाशा सोमवारपर्यंत काचेआडून सुटत नाही. हात हलवीत कचेरीत परतल्या आणि टेबलावर डोके ठेवून बसल्या. ऐसे बसता कपाळास काही टोचले, म्हणून पाहिले तो छापील तक्त्यांचा गठ्ठा होता. गेल्या फेब्रुवारीत मंडळाने ठराव केला होता की, आजच्या काळच्या लोकांच्या चालीरीतीही संग्रहालयाने नोंदवून ठेवाव्या, एकही घर सुटू नये. त्याकरिता तक्ते छापून आणिले, आणि त्यांस अद्याप कोणी हात लाविला नव्हता. रकाने ऐसे: नाव, गाव, कृती, ती कृती घराण्यात किती पिढ्यांपासून चालते, आणि ती कृती नेहमी कोठे केली जाते, नकाशासह. ठरावाखाली सही होती, रैमो पुल्किनेन.

बाईंनी तो शेवटचा रकाना दोनदा वाचिला. मग उठून उभ्या राहिल्या, मग बसल्या, मग एकट्याच मोठ्याने हसल्या, इतक्या की शौचालयास आलेला एक पाहुणा दाराशी थबकून परत गेला.

शनिवारी प्रातःकाळी कूच जाहले. मातुश्री ऐलाबाई पुढल्या आसनावर, हाती लाल फितीची काठी, मांडीवर बादली. मेर्वीबाई गाडी हाकीत. यारक्कोराव मागे बसले, आणि पेट्रोल पंप आला तेव्हा गाडी थांबली नाही.

"जावई उतरायचा राहिला," मातुश्री म्हणाल्या.

"आज येऊ दे, आई. लागेल तो."

मातुश्रींनी मान वळवून लेकीकडे पाहिले आणि मांडीवरची बादली घट्ट धरिली. यापुढे मेर्वीबाईंनी खोटे वळण एकही घेतले नाही, कारण घेऊन उपयोग नव्हता. पुढे रानात दर झुडपामागे एकेक गाडी फांद्यांनी झाकून ठेविलेली दिसू लागली. यारक्कोराव मोजू लागले, आणि सतराच्या पुढे मोजणे सोडून दिले.

दलदल दृष्टीस पडली तेव्हा ऊन तिरपे पडले होते, हिल्ला रात्रीतून पिकून साऱ्या पाणथळीवर पिवळी जाहली होती, आणि तिच्या काठाने एक्केचाळीस माणसे परस्परांस पाठ करून उभी होती. प्रत्येकाचे मनात, दुसरे गेल्याखेरीज पहिली हिल्ला तोडावी कैशी. एकाने आरंभ केला की सर्वांस कळणार की तो कशास आला. म्हणून बादल्या पाठीमागे धरून, वर आकाशाकडे पाहात, डासांस रक्त देत सर्व तिष्ठत होते.

मातुश्रींनी काठी चिखलात रोविली आणि मोठ्याने पुसले, "ही जत्रा कसली?"

"पक्षी बघतोय," एकजण म्हणाला.

"मीही पक्षीच," त्याचे शेजारचा म्हणाला.

"माझं कुत्रं हरवलंय," पलीकडून एक बाई म्हणाली.

"तुमच्याकडे कुत्रं कधी होतं, बाई?"

"म्हणूनच तर सापडत नाहीये!"

रैमोजी एका उंचवट्यावर बसले होते. ते म्हणाले की आपण निवृत्त असलो तरी वनाधिकारी आहो, पाण्याची पातळी पाहावयास आलो. त्यांच्या बादलीस झाकण होते.

मातुश्रींनी काठी चिखलातून उपसली. हळूच मेर्वीबाईंकडे वळल्या, आणि त्यांचा चेहरा ऐसा जाहला की बाईंनी तसा तो वडिलांच्या दफनाचे दिवशीच पाहिला होता. चार पिढ्यांचे ठाणे गेले, हे त्यात स्पष्ट लिहिले होते. "थांब, आई," एवढेच त्या म्हणाल्या, मग पाठीवरील पिशवीतून संग्रहालयाचे जाकीट काढून अंगावर चढविले, नावाचा बिल्ला लाविला, एका हाती तक्ते आणि दुसऱ्या हाती पेन घेऊन चिखलात उतरल्या, आणि वर्गात बोलतात त्या आवाजात पुकारा केला.

"मंडळी, सुप्रभात! संग्रहालयातर्फे सर्वांचं स्वागत. फेब्रुवारीच्या ठरावाप्रमाणे आज आपण हिल्ला वेचण्याची परंपरा नोंदवतोय. जे जे वेचणार आहेत त्यांनी फक्त एक तक्ता भरायचा. नाव, गाव, आणि तुमच्या घराण्याची नेहमीची जागा. नकाशावर फुली मारून. सोमवारी सगळे तक्ते काचपेटीत लावू, म्हणजे मुलांनाही बघता येतील!"

दलदलीवर ऐशी शांतता पसरली की डासही क्षणभर थबकले. मेर्वीबाई पहिल्या पक्षीनिरीक्षकाजवळ गेल्या आणि पेन पुढे केले.

"काका, तुमच्यापासून सुरू करू. तुमचं घराणं कुठं वेचतं?"

"मी? मी वेचतच नाही. मला हिल्ला चालत नाही. पित्त होतं."

"मग बादली?"

"ती... डोक्यावर घ्यायला. ऊन लागतं ना." ऐसे म्हणून त्याने बादली डोईवर पालथी घातली आणि तैसाच रानाकडे चालू लागला. मग दुसरा निघाला. मग कुत्रे हरविलेल्या बाईस घरी कुत्रे सापडल्याचे अकस्मात आठवले. मग काठाने पळ सुटला. एक्केचाळीस असामींपैकी चाळीस, आपली जागा कागदावर जाईल या एका भयाने, बूट चिखलात रुतत, परस्परांस "छान हवा आहे" ऐसे म्हणत, पाव घटकेत पसार जाहले. पलीकडे झुडपांतून गाड्या एकामागून एक सुरू होण्याचे आवाज आले. यारक्कोराव वाटेवर उभे राहून प्रत्येकास हात करीत होते, आणि पंधरा वर्षांत इतके सुख त्यांस जाहले नव्हते.

रैमोजी मात्र उठले नाहीत. ते जुने लढवय्ये. मेर्वीबाई त्यांचेपुढे जाऊन बसल्या आणि तक्ता मांडीवर ठेविला.

"लिहायलाच हवं?" रैमोजी म्हणाले.

"एकही घर सुटू नये. सही तुमचीच आहे."

"मी अध्यक्ष आहे म्हणून काही सूट?"

"अध्यक्षांनी आधी भरावा, म्हणजे लोकांना उदाहरण होईल."

रैमोजींनी उघड्या डोळ्याने बाईंकडे पाहिले, दूर काठीवर रेलून उभ्या ऐलाबाईंकडे पाहिले. मग म्हणाले, "नकाशा काढायचा अर्ज आणलायस?"

"आणलाय."

"कारणाचा रकाना?"

"कोरा आहे."

"राहू दे कोरा. आण इकडे." आणि त्यांनी गुडघ्यावर धरून सही केली, ती आजही दफ्तरी आहे, तीवर चिरडलेला एक डासही आहे. जाताना मातुश्रींजवळ थांबून, टोपी काढून म्हणाले, "ऐला, सुंदर जागा आहे. मी पाहिलेली नाही." आणि निघून गेले.

मग दलदलीवर तिघेच राहिले. अर्ज मंजूर होताच वस्तू मालकास परत करावी, ऐसा नियम असल्याकारणे, बाईंनी येतानाच कचेरीतून आणिलेला, सही मिळेतो मोडता न येणारा मोहोरबंद लखोटा तेथेच फोडून नकाशा बाहेर काढिला. काचपेटीतून तो शुक्रवारी सायंकाळी "साफसफाईकरिता" ऐसा शेरा मारून काढिला होता, हे नियमात बसते की नाही याविषयी सेवक मौन धरितो. मेर्वीबाईंनी आईपुढे उभे राहून सारे सांगितले. खण, चादर, रिकामी पेटी, डांबरभट्टी, सहावा प्रश्न.

"मी विचारायला हवं होतं, आई. चूक माझी. आजीने ही फुली काढली आणि मी मूर्खासारखी..."

मातुश्रींनी नकाशा घेतला, ओंडक्यावर बसल्या, गुडघ्यावर पसरला, आणि फुलीवरून अंगठा फिरविला.

"तुझ्या आजीने जन्मात कागदावर रेघ ओढली नाही. सही करायची तरी कुरकुरायची." मग ऐलाबाईंनी नकाशा लेकीपुढे धरिला. "ही मी काढलीये."

यारक्कोराव, जे जवळच हिल्ला तोडीत होते, ते तोडावयाचे थांबले.

"एकोणीस वर्षांची होते. आईला ताप होता, म्हणाली, यंदा तू एकटी जा. आणि मला वाट आठवेना गं. दहा वर्षं तिच्या मागून चालले, पण नजर सगळी तिच्या पाठीवर. रस्ता कोण बघतं! अर्धा दिवस भटकले, दोनदा रडले, आणि कशीबशी इथं पोचले. इथंच बसून बाबांच्या नकाशावर फुली मारली. पुन्हा हरवायला नको म्हणून."

"आजीला सांगितलंस?"

"वेडी आहेस का? तिने मला दलदलीत पुरली असती!" मातुश्रींनी नाक पुसले. "एप्रिलमध्ये घरी आले, खण उघडला, नकाशा नाही. म्हटलं, मेर्वीला सापडला. तिला कळलं की वचन मीच मोडलं, आणि म्हणून ती बोलत नाहीये. चार महिने झोप नाही मला नीट."

मेर्वीबाईंनी ऐकिले आणि प्रथम त्यांच्या डोळ्यांस पाणी आले, आणि मग हसू आले, आणि मग दोन्ही एकदम जाहले. मायलेकी चार महिने एकमेकींस भीत होत्या आणि कारण दोघींचे एकच होते. मातुश्रीही हसू लागल्या, आणि हसता हसता खुबा धरून "आई गं, टाके!" म्हणाल्या, वास्तविक टाके मे महिन्यातच निघाले होते.

"खोडरबर आहे तुझ्याकडे? शिक्षिका ना तू?"

"आहे. पण नाही देणार. तुझ्या एकोणिसाव्या वर्षाचं एवढंच काहीतरी आहे माझ्याकडे."

"मग ठेव बाई. पण खणात नको. फ्रीझरच्या तळाशी ठेव, हिल्लेच्या डब्यांखाली. तिथं पाहुणे हात घालत नाहीत."

मग तिघांनी ऊन कलेपर्यंत वेचिले. सायंकाळी सौना तापला, चीज भाजले, आणि यारक्कोरावांनी मोठा वाडगा हिल्ला खाऊन सलग दोन वाक्ये बोलून दाखविली. परंतु बखरकारास जे नमूद करावयाचे ते दलदलीतून निघतानाचे. ते समयी ऐलाबाई उठल्या आणि नेहमीप्रमाणे पुढे न होता काठी टेकून बाजूस उभ्या राहिल्या, आणि हुकूम केला, "तू पुढे हो. वाट चुकलीस तर मी मागून ओरडेन."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हिल्ला अडीच बादल्या. आपले मनुष्य कोणी पडले नाही, एक बूट मात्र चिखलास गेला. परतीचे वाटेवर दुभंगलेला पाइन, फुटका धोंडा आणि ओढा ऐशी तीन फाट्यांची ठाणी लागली, तिन्ही ठिकाणी मेर्वीबाई क्षणभर थांबल्या आणि आपल्या मताने वळल्या, आणि तिन्ही ठिकाणी मातुश्री मागे गप्प राहिल्या, त्याची नोंद येथे केली असे.